भुऱ्याले उठवाचा शब्द

मयुरी, तू मले अर्धंच शिकवून गेली.

आता ग्रुपवरच्या सगळ्याईले रामराम. आमचा भुऱ्या आज सकाळी गेला. कुत्रा होता, पन घरचाच होता.

मयुरी माही नात. नोकरीसाठी पुण्याले जायच्या आधी तिनं मोबाईलवर पाहू पाहू त्याले शिकवलं. सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात पाय ठेवाचा नाई, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून राहाचं. बसला का बिस्कूट.

मी म्हनलं, "हे सारं बिस्कुटाचं प्रेम हाय. पुडा सरला का माह्या सांबारात लोळन हा."

"आजी, बिस्कूट हळूहळू कमी करजो. अन् त्याले उठवाचं असन तं एक शब्द हाय. ऐकून तं घे."

"जाय वं. कुत्र्याची शाळा शिकाले मले टाईम नाई."

ती गेली. दुसऱ्याच दिवशी मी बिस्कूट बंद केलं. कमी-बिमी नाई, बंदच.

आठ-पंधरा दिवस तो बसे अन् माह्या हाताकडे पाहे.
मंग हाताकडे पाहनं सोडलं.

बसनं नाई सोडलं.

दोन वर्षं. मी घराकडे निंगाली का मंगच तो उठे. मले वाटे, आळशी हाय.

परवा सकाळी वाफ्यात बसून सेलूच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधून राह्यली होती. बाजूच्या तुरीतून रानडुक्कर निंगालं.

मी वरडली, "भुऱ्या, ये. धर त्याले."

तो धुऱ्यावर बसलेला. सारं आंग थरथरे, कुईकुई करे, पन उठे नाई. माह्या तोंडाकडे पाहे.

मले तो शब्दच माईत नाई.

मी त्याले नमकहराम म्हनलं.

मंग डुक्कर माह्या आंगावर आलं. तवा तो कोनाच्या शब्दासाठी थांबला नाई.

मले खरचटलं बी नाई. भुऱ्याचं पोट फाटलं. डॉक्टरनं टाके मारले.

काल त्याच्यापुढं बिस्कुटाचा नवा पुडा फोडला. त्यानं हुंगला बी नाई.

आज त्याले धुऱ्यावरच गाडलं. तो बसे तिथंच.

मयुरी, तुह्यं शिकवनं टिकलं. मी हारली.

भुऱ्या, पड बाबा निवांत.

बाकीच्याईनं हात जोडलेले फोटो टाकू नका. मयुरी, तू फोन करून रडू नको. तो शब्द कोनता होता, ते इथं खाली लिहजो. मले धुऱ्यावर जाऊन म्हनाचा हाय.

तूच लिहजो. दुसऱ्या कोनाचं उत्तर मले नाई पाह्यजे.