भरलेल्या गाडीचा फोकस

मीरासाब शिकलगार हसला तर उचगावात शाळंला सुट्टी द्यावी लागंल, असं मी त्याच्या तोंडावर म्हणत आलेय. वीस वर्सं झाली. माझा चहा-भज्यांचा गाळा आन् त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज, मधी नुसता एक पत्रा. पत्र्यापलीकडनं तो "आक्का, हाफ" म्हणतोय आन् अलीकडनं मी "कलेक्टरसायबांचा चहा टाका रं" म्हणतेय. चहा कडक लागतोय, आन् कपाचा कान तुटका असला तर पीत न्हाय. असला नखरेल.

ह्या माणसाची एक खोड. हेडलाइटचं काम केलं की गाडी तशी सोडायची न्हाय. समोरच्या भितीवर खडूनं आडवी रेघ मारायची, गाडी लांब उभी करायची, आन् उजेड त्या रेघंच्या खालीच बसला पायजे. पिकप असली तर रिकामी बी चालायची न्हाय. "भरून आणा" म्हणायचा. गिऱ्हाईक वैतागायचं. आता भरून आणू काय, तुझं डोस्कं?

मग हा शांतपणानं सांगणार, "पावणं, गाडी जेवली की मागं बसती आन् तोंड वर करती. तोंड वर झालं की उजेड रस्त्यावर पडत न्हाय, म्होरनं येणाऱ्याच्या डोळ्यात पडतोय."

मी भजी तळता तळता म्हणायची, "मीरासाब, गाडी बघालायस का पोरगी? उभी राहून दाखव, चालून दाखव, जेवून दाखव!" गिऱ्हाइकं खो खो हसायची. तो न्हाय. तो पकड पुसत बसायचा.

आता केरबा. माझा सख्खा धाकटा भाऊ. कागलकडच्या चार गावांत दूध गोळा करायचं आन् संध्याकाळी शीतकरण केंद्रात पोचवायचं, हे त्याचं काम. पिकप सतरा वर्सांची. बायकोचं लुगडं धुतलेलं मी कधी बघितलं न्हाय, पर गाडीला रोज आंघोळ. तिला लाडानं 'राणी' म्हणायचा. मी म्हणायची, राणीला मोतीबिंदू झालाय बघ. खरंच झालता. काचा पिवळ्या, उजेड असा की काडी पेटवून बघावं लाइट लागलाय का न्हाय.

गेल्या मार्गशीर्षात, ऊसतोडी जोरात, केरबा एका सांजचं गाळ्यावर आला तो पांढराफटक. रस्त्याकडंला ऊस भरलेली ट्रॉली बंद पडून उभी हुती, मागं ना लाल काच, ना पोत्याचा तुकडा. ह्याला दिसली ती चार हातावर आल्यावर. कॅन एकमेकांवर आपटून दूध सांडलं, पर जीव वाचला.

"मिस्त्री," तो मीरासाबला म्हणाला, "कायबी कर. मला उजेड पायजे. पांढरा, लख्ख."

मीरासाबनं दोन दिवस राणीला खोलून ठेवली. लाइटमागच्या आरशागत वाटीचा पारा उडालता, वायर केसागत बारीक. त्यानं नव्या वाट्या बसवल्या, बॅटरीपासनं जाड वायर ओढली, बल्बला पुरा करंट पोचावा म्हणून मधी रिले टाकला. केरबाच्या हट्टापायी पांढरं एलईडी बल्ब बी टाकलं. त्यावर त्याची कुरकूर चाललीच हुती, "ह्या वाटीत हा बल्ब उजेड चौकडं फेकतोय, केरबा. फोकस जरा जरी वर गेला तर म्होरचा आंधळा." शेवटी रेघ मारली, रिकाम्या गाडीचा फोकस लावला आन् म्हणाला, "आता उद्या सांजचं कॅन भरून येतानं हितं थांब. अर्ध्या तासाचं काम हाय."

"दूध नासतंय की, मिस्त्री!"

"मग गाडी हितंच ठेव."

केरबानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी चिंचा चोरल्यावर बघायचा तसंच. आन् मी, शहाणी, पत्र्यावरनं म्हटलं, "जाऊ दे की रं मीरासाब. माझ्या भावाला तरी ह्या तुझ्या कार्यक्रमातनं सोड. त्याला काय लगीन करायचंय गाडीसंगं?"

सगळी हसली. मीरासाबनं स्क्रू दोन फेरं अंदाजानं खाली घेतला, बॉनेट लावलं आन् म्हणाला, "आक्का म्हणती म्हणून. पर सवड काढून ये." वीस वर्सांत पहिल्यांदा त्यानं पिकप तशी सोडली. माझ्या शब्दावर.

केरबाला सवड कसली मिळतीया. आठ दिवस नुसतं मिरवणं. "आक्का, सगळी गाड्यावाली लाइट वर-खाली करून, डिपर मारून सलाम करत्यात मला!" मी म्हटलं, आमदार झालास तू.

नवव्या दिवशी सकाळी गाळ्यावर बसून त्यानं एक गोष्ट सांगितली. आदल्या सांजची, कागलच्या अलीकडची. "एक मोटरसायकलवाला म्होरनं आला. डिपर मारतोय, मारतोय, तीनदा मारला. मग गाडी अशी लटपटली. मी आपला पुढं निघालो, तर मागं धाडदिशी आवाज. उसाच्या ट्रॉलीला जाऊन भिडला असणार. पिऊन चालवत्यात की गा."

"थांबला न्हाईस?" मी इचारलं.

"दूध हुतं, आक्का."

पत्र्यापलीकडं पकड खाली पडल्याचा आवाज झाला. मीरासाब येऊन उभारला.

"कॅन भरलेलं हुतं?"

"अठ्ठावीस. का?"

"लाइट अप्पर हुता का डिपर, वर का खाली?"

केरबा कपाकडं बघत म्हणाला, "मला डिपरवर दिसत न्हाय चांगलं."

दुपारी कळलं. पोरगा सम्राट नावाचा, कागलजवळच्या गावचा, इचलकरंजीत मागावर कामाला. दोन पाळ्या सलग करून घरी निघालता. मागं लाइट नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर आदळून जागच्या जागी गेला. लोक म्हणालती, गाडीवर झोप लागली असणार.

त्या सांजचं मीरासाबनं काय केलं सांगू? केरबाचं रिकामं कॅन नळाला लावलं आन् एकेक करून पाण्यानं भरलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. पाणीच भरायचं हुतं की वो! दूध नासलं नसतं, अर्ध्या तासात काम झालं असतं. पहिल्या दिवशी हे आमच्या तिघांपैकी एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाय. त्याच्या बी न्हाय, माझ्या बी न्हाय.

गाडी मागं बसली. मीरासाबनं भितीपाशी एक स्टूल ठेवला, मोटरसायकलच्या सीटच्या उंचीचा, आन् केरबाला त्यावर बसवलं. लाइट लावला.

केरबानं दोन्ही हात डोळ्यावर धरलं. त्याची सावली मागच्या भितीवर एवढी मोठी पडली. रेघ गुडघ्याखाली ऱ्हायली हुती, आन् उजेड पार वर, पत्र्यापतोर.

"हात काढ," मीरासाब म्हणाला. "त्याचं हात हँडलवर हुतं."

केरबानं हात काढलं. तीन मोजायच्या आत ओरडला, "बंद कर! बंद कर की मिस्त्री!"

त्यानं बंद केला. कॅनातनं पाणी ठिबकालतं.

मीरासाब म्हणाला, "उद्या मी त्या पोराच्या घरी जाणार."

केरबानं त्याचं पाय धरलं. लायसन जाईल, गाडी जाईल, केस हुईल. आन् मी काय केलं? मी बी बोलले की केरबाच्याच बाजूनं. खोटं कशाला सांगू. "मीरासाब, मेलेलं पोरगं काय उठून बसणार हाय व्हय? ट्रॉलीला लाइट नव्हता, हे तर खरंच हाय न्हवं? तुझा काय गुन्हा? गप बस, तुझ्या पाया पडते."

तो म्हणाला, "आक्का, एकदा तुझं ऐकलं."

एवढंच.

सकाळी त्याला आडवायला म्हणून मी त्याच्याच गाडीवर मागं बसून गेले. तोंडाचा पट्टा चालू ठेवला निम्म्या वाटंपतोर, मग बंद पडला. सम्राटचं घर दोन खोल्यांचं. बाप गणपतराव, दाराशी पोत्यावर बसलेला. कुणीतरी सांत्वनाला आलंय म्हणून त्यानं पाणी मागवलं. मीरासाबनं पाणी घेतलं न्हाय, उभारूनच सगळं सांगितलं. बल्ब, वाटी, अठ्ठावीस कॅन, पोरानं मारलेला डिपर. माझं नाव घेतलं न्हाय. मला वाटलं हुतं आता हा म्हातारा उठून ह्याच्या थोबाडीत मारतोय.

म्हाताऱ्यानं एकच इचारलं. "डिपर मारला म्हणालासा?"

"तीनदा."

"म्हंजे जागा हुता."

"जागा हुता, काका. झोपंतला माणूस डिपर मारत न्हाय."

गणपतराव आत बघून हाक मारायला लागला, "आगं ए! आगं, जागा हुता तो! झोपला नव्हता!" आतनं बायकांचा जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतोय. मग कळलं. दुसरी पाळी करायला बापानंच सांगितलं हुतं. पोरगा नगं म्हणालता. दोन दिवस सगळं गाव ह्याला धीर देत हुतं, "झोप अनावर झाली बिचाऱ्याला, कुणाच्या हातात हाय?" पर ते ह्याच्याच हातात हुतं, हे बापाला एकट्याला ठावं.

रडून झाल्यावर म्हातारा मीरासाबच्या जवळ आला. "हे ठाण्यात सांगशीला?"

"त्यासाठीच आलोय. तुमी संगं चला."

"येतो," तो म्हणाला. "पर परत आमच्या दारात यायचं न्हाय तुमी."

मीरासाबनं मान हलवली. ठाण्यात हवालदारानं दोनदा समजावलं, बाबा, जबाबात तुझं बी नाव येईल. तो म्हणाला, लिवा, शिकलगार, उचगाव.

आता केरबाची राणी ठाण्याच्या आवारात उभी हाय, चाकातली हवा गेलेली. केरबा दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाली करतोय आन् मीरासाबशी बोलत न्हाय. माझ्याशी बोलतोय, पर भाऊ बोलतो तसं न्हाय. मीरासाब काम करतोय, हॉर्न, बॅटरी, सेल्फ. हेडलाइटचं गिऱ्हाईक आलं की पुढच्या चौकात धाडतोय. मी त्याला चिडवायचं सोडलं. चिडवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं का कुणास ठाऊक.

केसची पहिली तारीख कागलच्या कोर्टात लागली तवा केरबा आन् मीरासाब, दोघं एकाच एस्टीनं गेली. एक ड्रायव्हरच्या मागं, एक पार शेवटच्या सीटवर. मी स्टॉपवर उभी हुते. दोघांच्या हातात भाकरीचं एकेक गठुडं, दोन्ही मीच बांधलेली. खिडकीतनं एकानं बी माझ्याकडं बघितलं न्हाय. तारीख पुढं ढकलली म्हणं. सांजच्याला तशीच परत आली, पुढचा पुढं, मागचा मागं, आन् गठुडी दोन्ही न सोडलेली.