आप्पांच्या डोळ्यातला कण

त्या श्रावणात आमच्या खानदेशी घरी कानबाई देवी बसली, पण मी तिच्यापुढे मनापासून हात जोडले नाहीत. माझ्या वडिलांचे, आप्पांचे, दोन्ही पाय बधिर होत चालले होते. हजीऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड घासलेल्या माणसाला पर्वत पाटिया भागातल्या घराचा जिना उतरायला दोघांचा आधार लागायचा. तुझ्या भक्ताला हेच देतेस का, असं मी देवीला तोंडावर विचारलं.

डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय सांगितला. तपासणी केंद्रात खिडकीवरच्या गुजराती मुलीनं इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला. "बधामां ना लखी दो, बेन. अहीं सही." मी शिक्षिका. प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं म्हणून मुलांना रागावणारी. तरी घाईत मीही सगळीकडे 'नाही' लिहिलं.

आत एका कर्मचाऱ्यानं न विचारता भर गर्दीत आप्पांचा सदरा उतरवला आणि पाठ उघडी राहील असा झगा अंगावर टाकला. आप्पा खाली मान घालून कापड आवळत बसले. माझं रक्त तापलं. आडोसा मागितला तर त्यानं गर्दीकडे बोट दाखवलं, "भीड छे."

तेवढ्यात पेशंटला मशीनपर्यंत नेणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांनी पडदा ओढला, झग्याचे बंद बांधले आणि फॉर्मवरचे प्रश्न पुन्हा विचारू लागल्या. मी त्यांच्यावरच चिडले. "सगळं लिहिलंय. तुम्ही फक्त आत न्या."

"लिहेल शे ताई, पन यास्ले कोन्ही विचारं का?" असं आमच्या अहिराणीत म्हणून त्या आप्पांसमोर बसल्या. "आप्पा, डोयामा कधी लोखंडना कण गया व्हता का?"

"गया व्हता ना," आप्पा सहज म्हणाले. "एक काढा, एक तठेच राह्यना."

एक कण डोळ्यातच राहिलाय, हे मला ठाऊकच नव्हतं. टेक्निशियन कुरकुरला, पण मावशी दारातून हलल्या नाहीत. शेवटी डोळ्याचा एक्स-रे काढला. उजव्या डोळ्यात कण स्पष्ट दिसला. मशीनच्या चुंबकानं तो हलला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलाय.

मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "कुछ हुआ तो नहीं ना?" हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. तिथल्या माणसांना मावशींइतकं शिकवावं, असा लेखी अर्ज मी दिला. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा देणार आहे.

पुढे एमआरआयऐवजी केलेल्या सीटी स्कॅनवर दबलेली नस सापडली, ऑपरेशन झालं आणि आप्पा काठी घेऊन चालू लागले. मावशींना हे कुणी शिकवलं, ते मी विचारलं होतं. "जुना दवाखानामा एक सिस्टर व्हती," एवढंच त्या म्हणाल्या.

मावशींना देवीनं धाडलं का, याचा वाद मी घालत नाही. माझा राग मी तिच्यापुढे ठेवला. तो तिनं काढून घेतला नाही. पण त्या फॉर्मवर सही माझी होती. आप्पांची काळजी मीच घेते, हा ताठा मात्र त्या दिवशी गळाला. मी ज्यांच्यावर ओरडले, त्यांच्यामुळेच माझ्या वडिलांची दृष्टी वाचली. आता हात जोडते तेव्हा काही मागत नाही.