काकूच्या गुडघ्यांचं खरंखोटं

काकू गेल्याचा निरोप घेऊन कल्याणहून माणूस सकाळच्या गाडीनं ठाण्याला माझ्या बिऱ्हाडी आला, तेव्हा भर आषाढात लख्ख ऊन पडलं होतं. मी लगेच समजलो. काकूचे गुडघे असते, तर त्यांनी ढगांना असं वाऱ्यावर सोडलं नसतं. महिनाभर कोसळणारं आभाळ त्या दिवशी अगदी पोरकं झाल्यासारखं मोकळं होतं... माणूस म्हणाला, "रात्री छातीत कफ दाटला. पहाटे गेल्या." मी विचारलं, "अप्पा काय म्हणाले?" तो म्हणाला, "काही नाही. विडा मागितला." आता विड्याचं मी जोडलं असेन कदाचित, पण काही म्हणाले नाहीत, हे शंभर टक्के खरं.

अप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. ठाण्याच्या कचेरीतून कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. आईबाप लहानपणी गेल्यावर मी त्यांच्याच कल्याणच्या घरात वाढलो, म्हणजे खरं तर काकूच्या पदराखाली वाढलो. त्या पदराची आठवण काढायची तर पहिल्यांदा आठवतो तो त्याचा गारठा. पदर कायम ओला. आमच्याकडे सोवळं कडक. स्वयंपाकाचं लुगडं पिळून, काठीनं उंच वलणीवर टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न शिवता नेसायचं. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात ते चार चार महिने वाळत नसे. मग काकू ते तसंच ओलं नेसून चुलीपुढं बसे. पुढून धूर, मागून दारातली झड. तिचे सांधे तिशी उलटायच्या आत धरले. मनगटं सुजून जात्याच्या खुंट्यासारखी झालेली, गुडघ्यांचा आवाज तर असा, की ती उठली तर शेजारचे सखारामपंत म्हणत, "कुणीतरी वखारीचं दार उघडलं वाटतं."

तिचं मागणं एकच होतं, एक धाबळी. लोकरीचं ते जाडं वस्त्र सोवळ्याला चालतं, रोज भिजवावं लागत नाही, कोरडं नेसता येतं. अप्पा स्वतः जेवायला बसत तेही कोरडा रेशमी मुकटा नेसून. काकूनं धाबळीची गोष्ट काढली की ते म्हणत, "सोंगाला धाबळी कशाला?" हा त्यांचा सिद्धान्त होता. दुखणं दिसत नाही, ताप नाही, फोड नाही, शिवाय ऊन पडलं की कमी होतं; जे हवेप्रमाणे येतं नि जातं, ते दुखणंच नव्हे, बायकी सोंग.

आणि इकडे सगळं कल्याण त्या सोंगावर चालत होतं. सांगतो ते ऐका. काकूचा उजवा गुडघा ठणकला तर दुसऱ्या दिवशी पाऊस, दोन्ही ठणकले तर वाऱ्यासकट, आणि मनगटंही सामील झाली तर खाडीचं पाणी बंदराच्या पायऱ्या चढणार. आळीतल्या बायका पापड घालायच्या आधी आमच्या परसदारी डोकावत, "वहिनी, गुडघे काय म्हणतायत?" गवत घेऊन ठाण्याकडे निघालेले होडीवाले खाडीत नांगर टाकून बसत आणि एकाला आमच्याकडे पिटाळत. एकदा म्हणे खुद्द ढगानंच माणूस पाठवला होता, की बरसू का उद्या येऊ. मी तेव्हा शाळेत होतो, म्हणून ती भेट हुकली.

एका वैशाखात अप्पांना शिरस्तेदारीच्या बढतीसाठी साहेबापुढं उभं राहायचं होतं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर चार माणसांसमोर ते म्हणाले, "आमच्या घरात दोन पंचांगं. एक भिंतीवरचं, एक कामचुकारपणाचं." माणसं हसली. आत माजघरात काकू माझ्यासाठी भात कालवत होती. तिचा हात थांबला नाही. सकाळी आभाळ असं निळं, की डोळे दिपावेत. पण काकूला जमिनीवरून उठता येईना. भिंत धरून, उंबऱ्यापर्यंत जवळजवळ सरपटत ती आली आणि निघणाऱ्या अप्पांच्या हातावर दही घातलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. एरवी ती 'छत्री घ्या हो' म्हटल्याशिवाय कधी राहिली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "निघा. ऊन किती छान आहे."

वळवानं अप्पांना ठाण्याच्या स्टेशनापासून कचेरीपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर गाठलं. नवी लाल पगडी होती. तिचा रंग कपाळावरून, मिशांवरून, पांढऱ्या अंगरख्यावरून असा वाहिला, की पट्टेवाल्याला वाटलं कुणाचा खून झाला, आणि साहेबाला वाटलं, खून करून आले. शिरस्तेदारी दुसऱ्याला मिळाली. अप्पा घरी आले ते गुलाबी होऊन, आणि पुढं दिवाळीच्या अभ्यंगापर्यंत गुलाबीच राहिले. काकूनं पंचा पुढं केला आणि अगदी काळजीनं विचारलं, "भिजलात? सोंग असेल हो पावसाचं. ऊन पडलं की जाईल."

त्या रात्री तिनं मला दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. सण नव्हता.

पण खरी मजा पुढं आहे. पेन्शन सुरू झाली नि एका भाद्रपदात अप्पांचीच बोटं सुजली. मग गुडघे. ढग आले की ते "आई गं" करून बसत. सोंग हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून नाहीसा झाला. त्यांच्या दुखण्याला नाव होतं, आमवात. वैद्य होता, सुंठीचा काढा होता, एरंडेल होतं. आणि ऐका, धाबळी होती. महिन्याच्या आत आली. ती नेसून कोरडेठाक अप्पा पाटावर, आणि ओल्या लुगड्यात वाढणारी काकू समोर. "त्यांचं दुखणं पुरुषाचं आहे," असं ती मला म्हणाली, आणि हसली. ते हसू मला अजून बोचतं.

तेव्हापासून त्या घरात रोज संध्याकाळी एक लढाई होत असे. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून काकू अप्पांचे गुडघे शेकायला बसे. पुरचुंडी गुडघ्याच्या अगदी जवळ नेई आणि तिथंच धरी.

"अहो, आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"माझं दुखणं खरं होतं म्हणून."

"शेक आधी. पाला निवतोय."

"निवू दे की. मला कुठं घाई आहे?"

अप्पा दात आवळून छताकडं बघत. काकू पुरचुंडी धरून त्यांच्याकडं. पाला गार होई, ती उठे, पुन्हा तापवून आणी, पुन्हा धरी. कधी तीही दमून शेकून टाकी. पण ते म्हणाले नाहीत. वेदनेनं घाम फुटलेला मी पाहिला आहे, ते चार शब्द फुटलेले पाहिले नाहीत. पेशवाई गेली, रेल्वे आली, खाडीवर पूल झाला. अप्पा जागचे हलले नाहीत.

यंदा ज्येष्ठाच्या शेवटी मी तिला भेटायला गेलो. ती अंथरुणाला लागली होती आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या अंगावर कोरडं पांघरूण होतं. मी पाय चेपायला लागलो, तशी म्हणाली, "हळू रे विष्णू. उद्या वाऱ्याचं आहे." मग ते कोरडं पांघरूण बोटांनी चाचपत... "ते म्हणणार नाहीत. मी वाट बघून दमले. तू म्हणवून घे त्यांच्याकडून."

"काकू, मी कसं म्हणवून घेणार?"

"तू शिकलेला ना? शोध काहीतरी. आणि चार माणसांत, बरं का. म्हणाले होते चार माणसांत."

तेराव्याला माणसं जमली, तेव्हा अप्पा गळा साफ करून म्हणाले, "फार सोशिक होती." मंडळींनी माना हलवल्या. मी हातातला लाडू पानात परत ठेवला. सोशिक? ती बाई जन्मभर सूड राखत आली होती, चुलीतला विस्तव राखावा तसा, रात्री राखेखाली झाकून आणि सकाळी फुंकर घालून. तिच्या नावावर सोशिकपणा लावणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा सोंग ठरवणं.

त्या दिवशी मी वलणीकडं पाहिलं. तिचं सोवळ्याचं लुगडं अजून तिथंच लोंबतंय. अप्पांची सून सांगते, ते कुणाला काढू देत नाहीत. सकाळी काठी टेकत खाली जाऊन उभे राहतात, काठीनंच त्याचं टोक खाली ओढतात आणि वाळलंय का म्हणून बोटं लावून बघतात... इतकी वर्षं कधी लावली नव्हती. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि वचन वेगळं.

आता अप्पांची एक सवय सांगायची राहिली. मी हे ज्यात लिहितोय ते वर्तमानपत्र कल्याणला पोचलं की ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतात. आळीतली म्हातारी मंडळी ऐकायला असतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात, औषधांच्या जाहिरातीसुद्धा. "छापलं ते खरं," हे त्यांचं वाक्य, आणि "ओळ गाळणारा तो वाचकच नव्हे," हे दुसरं. काकूनं माजघराच्या खिडकीशी बसून ही दोन्ही वाक्यं जन्मभर ऐकली.

तेव्हा अप्पा, नमस्कार. इथवर आला आहात, म्हणजे पगडीचंही वाचून झालं. सखारामपंत, त्यांचा चष्मा घसरला असेल तर नीट बसवा आणि 'आज उजेड कमी आहे' म्हणाले तर दिवा मागवा. या लेखात मी काकूचं नाव कुठंच घातलेलं नाही. तुम्ही ते लग्नात एकदा उखाण्यात घेतलंत, त्यानंतर 'अगं' वर भागवलंत. पुढच्या ओळीत ते आहे. एकच ओळ आहे, लहान आहे. वलणीकडची खिडकी उघडी ठेवा आणि मोठ्यानं वाचा.

माझ्या भागीरथीचं दुखणं खरं होतं.

पंत, ऐकू आलं नसेल, तर पुन्हा वाचायला सांगा.