पांढऱ्या गर्दीतली हाक

बाबा गेल्यावर आईला एकच धास्ती लागली, ते तिला पुन्हा भेटणार की नाही. तिने उतारवयात बाप्तिस्मा घेतला होता, बाबांनी नाही. दर रविवारी ते फाटकापाशी स्कूटर सुरू करून ओरडायचे, "अगं चल, लेट होऊन राहिलंय." आमच्या या ग्वाल्हेरी मराठीवर पुण्याची आत्या पोट धरधरून हसायची. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढायचे. बाप्तिस्म्याचं विचारलं की म्हणायचे, "पुढच्या ईस्टरला बघू." आईने त्यांच्यासाठी पांढरा कुर्ताही शिवून ठेवला होता. शेवटी काकांनी रीतसर अग्नी दिला आणि कुर्ता कपाटातच राहिला.

त्या हिवाळ्यात चर्चमध्ये बायबलचं शेवटचं पुस्तक शिकवायला घेतलं, अर्थात हिंदीतून. आईला आता मी नेत होते, म्हणून बाबांच्या बाकावर मी बसलेली. विषय होता, शेवटच्या काळी देवापुढे उभे राहणारे त्याचे लोक कोण? आधी ज्यूंच्या बारा वंशांतले, मोजून देवाचा शिक्का मारलेले. मग पांढरे झगे घातलेली मोठी गर्दी, प्रत्येक देशातली, प्रत्येक भाषेतली, कोणालाच मोजता न येणारी.

आईने हात वर केला. "पास्टरजी, हमारे ये उसमें होंगे क्या?"

पास्टर तरुण, मनाने भला. त्याने मान खाली घातली. "बपतिस्मा नहीं था, माताजी. हम कैसे कहें?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं जो माणूस बायकोला न चुकता घेऊन आला, त्याला शेवटच्या बाकावरूनही उठवायचं? घरी येईपर्यंत मी तोंड सोडलं होतं. आई मात्र रात्री जेवली नाही. पुढे चर्चला जायचंच तिने सोडलं. कुर्ता काढायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. मला बघवत नव्हतं.

एका सकाळी मी चहा टाकत होते. ती मागून म्हणाली, "ती गर्दी कोणाला मोजता येणार नाही, असंच आहे ना?"

"हो."

"मग त्यात हे नाहीत, हे मोजून कोणी सांगायचं? मी नाही आणि पास्टरजींनीही नाही."

इतके दिवस मी नुसती चरफडत होते, पण हे काही मला सुचलं नव्हतं. तिला जरा हसवावं म्हणून म्हटलं, "पण तिथे सगळेच पांढऱ्यात. बाबा सापडणार कसे तुला?"

तिने ते अगदी मनावर घेतलं. "भाषा ज्याची त्याची असणार ना? ऐकत उभी राहीन. आपल्यासारखं मराठी तिथे कितीजण बोलणार?"

त्या रविवारी ती आपणहून तयार व्हायला लागली. मी फाटकापाशी स्कूटर सुरू केली. वेळ होत चालली, तरी तिचा पत्ता नाही. माझा पारा चढला आणि तोंडातून आपसूक गेलं, "अगं चल, लेट होऊन राहिलंय."

मग ती पदराने डोळे पुसत दारात आली, आणि पायरी न उतरताच म्हणाली, "परत एकदा म्हण."

मी स्कूटर बंद केली आणि परत म्हटलं.