धाकटीची कॉट

मेट्रनबाईंच्या आवाजाबद्दल एक गोष्ट सांगितली तरी पुरे. मुलींच्या वसतिगृहात जेवणघराच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी नुसतं "कोण हसलं?" म्हटलं, की दुसऱ्या टोकाला न हसलेल्या मुलीसुद्धा उभ्या राहत. एकदा म्हणे तपासणीला आलेला साहेबही उभा राहिला होता. हे खरं की खोटं ते त्या साहेबालाच ठाऊक, पण बाईंनी ते कधी नाकारलं नाही.

निवृत्त होताना त्यांनी खोलीतली प्रत्येक वस्तू परत केली. कॉट, टेबल, खुर्ची, बादली, अगदी पायपुसणं. सगळ्यावर पांढऱ्या रंगात वसतिगृहाचे नंबर होते. आवाजावर नंबर नव्हता, पण तोही बहुधा तिथेच जमा झाला असावा. कारण तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात बाई राहायला आल्या आणि दूधवाल्याला "अहो, आज जरा पातळ वाटतंय का हो?" असं विचारू लागल्या. त्यावर तो "उन्हाळा आहे ना" म्हणाला, आणि बाईंना ते पटलंही.

घर तसं जुनंच घेतलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाथरूम. आधीच्या मालकाने बाथरूम बांधली होती की किल्ला, कळायला मार्ग नव्हता. गुडघाभर उंच उंबरा, तो चढून पलीकडे उतरायचं, आणि उतरल्यावर फरशी अशी गुळगुळीत, की माणूस अंघोळीआधीच साष्टांग नमस्कार घालेल. एकटीसाठी बाईंनी ते चालवूनही घेतलं असतं. पण त्यांना एकटीसाठी घर नकोच होतं.

बाईंना एक धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती मुलाकडे राहते. मुलगा चांगला, सूनही चांगली, फक्त घरात खोली कमी. धाकटी हॉलमध्ये झोपते. सकाळी नातवाच्या शिकवणीची पोरं यायच्या आत तिला गादी गुंडाळून, केस विंचरून, "मी कधीची उठलेय" असा चेहरा करून बसावं लागतं. बाईंनी घर घेतलं तेव्हा फोनवर तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"ताई, खोलीला दार आहे ना गं?"

"दार आहे, कडी आहे. आतून लावायची."

"आतून!" धाकटी म्हणाली.

मग ठरलं. बाथरूमचा तो उंबरा काढायचा, फरशी बदलायची, धरायला दांड्या लावायच्या, की धाकटी कायमची येणार. "माझे गुडघे आता नावापुरते उरलेत," ती म्हणाली. "जिना एकदाच चढेन, उंबरा रोजचा. तेवढं करून घे, मग आलेच बघ." बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी कॉट आणि जाड गादी आणली. मजल्यावरच्या बायकांत लगेच कुजबूज सुरू. या वयात दुसरी कॉट कुणासाठी? एकीने तर नवरदेवाला टक्कल असणार, हेही सांगून टाकलं. आता खरं काय ते कळल्यावर साऱ्यांची थोडी निराशाच झाली.

आणि मग ठेकेदार आला. त्याच्या खिशात दोन फोन, आणि दोन्हींवर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी "पोचलोच" असायचा. बूट काढून आत आला, "मावशी" म्हणून हाक मारली, आणि उंबऱ्याकडे बघून म्हणाला, "काय हो हे? कुणी मूर्खाने बांधलंय!" बाईंना तो तिथेच आवडला. आयुष्यभर मुली त्यांना मॅडम म्हणत आल्या होत्या, तोंडावर तरी. मावशी कुणी म्हटलंच नव्हतं. त्या नादात त्यांच्या तोंडून जे निघून गेलं, ते आपण सगळेच पाहुण्यांना म्हणतो, आणि पाहुणे कधी मनावर घेत नाहीत.

"या हो," बाई म्हणाल्या, "आपलंच घर समजा."

ठेकेदार शब्दाचा पक्का. त्याने समजलं.

पहिल्या दिवशी स्टूल गेलं. ठेकेदाराने आणलेल्या फरशीवाल्याला उंचावर हात पुरेना, म्हणून. दुसऱ्या दिवशी पांढरं सिमेंट कालवायला कुकरचं भांडं. मग अंघोळीचा मोठा टॉवेल, कारण उकिडवं बसून फरशीवाल्याच्या घोट्यांना रग लागत होती, आणि बाईंना ते बघवलं नाही, असं खुद्द फरशीवाल्यानेच त्यांना सांगितलं. एका दुपारी पोळ्यांचं पीठ चाळायला म्हणून त्या चाळणी शोधू लागल्या, तर बाथरूममधून खसखस आवाज.

"माझी चाळणी दिसली का हो कुठे?"

"ही काय, मावशी. रेती चाळतोय. बारीक पाहिजे ना, तुमच्याच फरशीला." मग वर दिलासा, "घासून देतो, काळजी नका करू."

घासून दिली त्याने. भोकं आता इतकी मोठी झाली होती की पिठाबरोबर गहूही गेला असता.

बाई आतल्या खोलीत जाऊन आरशासमोर उभ्या राहायच्या आणि सराव करायच्या. "हे काय चाललंय? कुणाला विचारून घेतलंत?" आरशात अगदी पूर्वीच्या मेट्रनबाई दिसत. मग त्या तावातावाने बाहेर येत, फरशीवाला मान वर करून "काय मावशी?" म्हणे, आणि बाई म्हणत, "चहा टाकतेय, साखर किती?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. वर त्या माराला चहाही आपणच पाजायचा.

एकच वस्तू त्यांनी जिवापाड जपली होती, ती म्हणजे धाकटीची खोली. तिला त्यांनी कुलूप लावलं. आत कॉट, वर गादी, तिच्यावर नवी चादर. पण ठेकेदाराने एक दिवस नळाचा पाइप त्याच खोलीच्या भिंतीतून न्यायचं काढलं. किल्ली मागितली, ती द्यावीच लागली. बाई दिवसभर दारात खुर्ची टाकून बसल्या, पण भिंत काही एका दिवसात फुटेना. दुसऱ्या दिवशी दाढ इतकी ठणकली की डॉक्टरकडे जावंच लागलं. जाताना त्यांनी मोठा धीर करून एक हुकूम सोडला. या घरात दिलेला पहिलाच.

"आवाज मात्र करू नका हं. खालच्या मजल्यावरच्यांनी कालही तक्रार केलीय."

परत आल्या तर घर शांत. इतकं शांत की त्यांना बरंच वाटलं. मग बाथरूमच्या दाराशी गादी दिसली. जमिनीवर अंथरलेली. उंबरा फोडत होते, आणि एकेक ढेकूळ त्या गादीवर अलगद पडत होतं.

"बघा," फरशीवाला अभिमानाने म्हणाला, "एवढा उंबरा काढला, खाली कळलंसुद्धा नाही. तुम्ही सांगून गेला होता ना!"

आतल्या खोलीत कॉटवर फरशी कापायचं यंत्र बसवलं होतं. कमरेइतकी उंची बरोबर मिळते म्हणाले. प्लायवुडवर आडव्या-उभ्या चिरा, आणि त्यांतून पाण्याबरोबर पांढरा राडा खाली ठिबकत होता.

आणि तेव्हा तो आवाज आला. खरा, जुना. बाईंनी एवढंच विचारलं, "कुणी ठेवलं हे इथे?" खालच्या मजल्यावर जेवायला बसलेले काका ताटावरून उठून उभे राहिले. फरशीवाल्याच्या हातातली थापी पडली. मजल्यावरची दारं पटापट उघडली, आणि प्रत्येकीला नेमकं त्याच वेळी चपला झटकायचं काम निघालं. बाई सलग बोलल्या. चाळणीपासून गादीपर्यंत सगळं. दाढेला बोळा असूनही एक अक्षर चुकलं नाही.

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. ठेकेदार बूट न काढता आत आला, सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय दुखावलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मावशी, आम्ही घरच्यासारखे वावरलो. तुम्ही परकं केलंत." आणि माणसं घेऊन गेला.

बाथरूममध्ये खड्डा, नळ बंद, भिंतीतून पाइप असा बाहेर आलेला की जणू जीभ दाखवतोय. बाई रोज सकाळी बादली, टॉवेल घेऊन शेजाऱ्यांच्या दारात. शेजारी म्हणत, "या ना, संकोच कसला," आणि पाठ वळली की बाई आत किती वेळ लावतात याची चर्चा करत. दुसरे दोन कारागीर येऊन बघून गेले. एकाने खड्ड्यात डोकावून "हे कुणाचं काम?" विचारलं, ठेकेदाराचं नाव कळताच "त्याच्या कामात आपण हात घालत नाही" म्हणून जिना उतरला. दुसऱ्याने तेवढंही म्हटलं नाही.

धाकटीचा फोन रोजचा. "कुठवर आलं गं?"

"झालंच. उंबरा निघाला बघ."

"खरंच? अगं, मी आपल्या दोन पातळांची घडी वेगळी काढूनसुद्धा ठेवली."

गरजवंताला अक्कल नसते. त्या संध्याकाळी बाईंनी ठेकेदाराला फोन केला. मजल्यावरच्या ज्या बायकांना ऐकू येत होतं, म्हणजे सगळ्यांनाच, त्या शपथेवर सांगतील की बाई म्हणाल्या, "माझं जरा चुकलंच. दाढ दुखत होती हो."

माणसं परत आली, पण आता जावयासारखी. चहा गार झाला तर परत पाठवू लागली. कपाटाच्या पांढऱ्या दारावर फरशीवाला पेन्सिलीने मापं लिहू लागला, आणि ती पुसू नका म्हणून बाईंनाच बजावू लागला. जेवण झालं की धाकटीच्या कॉटवर आळीपाळीने झोप. गादी धुवून झटकून परत घातली होती. तिच्यात खडे तेवढे राहिले होते, पण झोपणाऱ्यांची तक्रार नव्हती.

अशाच एका दुपारी दार वाजलं. दारात धाकटी. हातात छोटी बॅग, मागे मुलगा, त्याला पुढे कामावर जायचं होतं म्हणून तो जिन्यातूनच वळला. तिला ताईला चकित करायचं होतं. दोघींतली जास्त चकित कोण झाली, सांगणं अवघड.

सिमेंटच्या पिशव्यांना वळसा घालत, पदर सावरत धाकटी खोलीपर्यंत गेली. दार उघडं होतं. कॉटवर फरशीवाला घोरत होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पाहुणे आहेत का गं कुणी?"

"नाही गं, कामावरचा माणूस आहे. उठवते की. थांब."

"राहू दे, झोपू दे. दमला असेल."

उठवणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं. त्या स्वयंपाकघरात बसल्या, एक स्टुलावर, एक उलट्या बादलीवर. धाकटीने बाथरूम बघून घेतली. उंबरा खरंच गेला होता, पण फरशीचा उतार उलटा झाला होता. पाणी मोरीकडे न जाता बाहेर पॅसेजमध्ये येत होतं, म्हणून ठेकेदाराने दारात विटांची नवी बुटकी भिंत रचली होती. ती जुन्या उंबऱ्याहून बोटभर उंचच होती.

"हे तात्पुरतं आहे," बाई म्हणाल्या.

"हो ना."

"तो म्हणतोय, उतार काढून देतो."

"देईल की." धाकटीने कप खाली ठेवला. "ताई, एक सांगायचं होतं. पोराने गॅलरी बंद करून द्यायचं कबूल केलंय. काचा लावून. तिथे माझी गादी मावते. दुपारी ऊन येतं जरा, पण पडदा लावू म्हणतो."

"दार?"

"दार कशाला गॅलरीला. पडदा आहे की." मग बाईंच्या तोंडाकडे बघून तिने घाईघाईने जोडलं, "आणि मी येईनच गं मधूनमधून. तुझं घर मार्गी लागलं की."

मुलगा तिला न्यायला आला तेव्हा फरशीवाला नुकताच उठला होता. त्यानेच तिची बॅग जिन्यापर्यंत उचलून नेली. माणूस वाईट नव्हता तो, कुणीच म्हणणार नाही.

पुढे काम "झालं". म्हणजे माणसं यायची थांबली. विटांची भिंत तिथेच, उतार उलटाच. ठेकेदाराचं सामान मात्र गेलं नाही, उलट वाढत गेलं. समोरच्या इमारतीत त्याला मोठं काम मिळालं होतं, आणि माल ठेवायला इतकी जवळची जागा कुठे मिळणार? धाकटीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच राहिली होती. बाईंनी दोनदा मागितली, दोन्ही वेळा तो "अरे हो की!" म्हणाला. सकाळी सातला घंटी वाजते, बाई दार उघडतात, कुणीतरी दोन पिशव्या खांद्यावर टाकून नेतं. संध्याकाळी कुणीतरी चार आणून ठेवतं. बाई आता कुठे जात नाहीत फारशा. गेलं आणि नेमकं कुणी माल न्यायला आलं तर काय घ्या.

धाकटीचा फोन आता रविवारी येतो. गॅलरीच्या काचा लागल्यात. "खोली रिकामी झाली का गं?" असं ती सुरुवातीला विचारायची, हल्ली तब्येतीचं विचारते.

परवा दुपारी फरशीवाला आला. छातीशी कमोड धरून, एखादं जाडजूड मूल उचलावं तसा. समोरच्यांच्या घरचा नवाकोरा, त्यांची फरशी वाळेपर्यंत ठेवायचा होता.

"त्या खोलीत ठेव," बाई म्हणाल्या. "कॉटवर नको पण."

तो आत गेला, थोडा वेळ पिशव्या सरकवल्याचा आवाज आला, आणि तो कमोडसकट परत दारात.

"खाली पाय ठेवायलाही जागा नाही, मावशी. कॉटच मोकळी आहे."

बाई उठून खोलीच्या दाराशी गेल्या. आत बघितलं. फरशीवाल्याचे हात भरून आले होते, तो एका पायावरून दुसऱ्यावर झाला.

"मग ठेव कॉटवर," बाई म्हणाल्या. आणि तो ठेवू लागला तशी त्याला थांबवून म्हणाल्या, "असा काठाला नको. भिंतीकडे सरकव. पडेल नाही तर."