तिवाट्यावरचा कंदील

माझी कारभारीण औंदा वारली. ती जिती होती तवर ही गोष्ट मी बोललो न्हाई. आता लिहितो.

निजामाचं राज्य होतं. जवळा बाजार गावच्या एका दुकानातून मी नवा कोरा कंदील आणला. तिसऱ्याच दिवशी टाकीचा जोड उकलला, तेल पेटलं आन् माझ्या पाच वर्षांच्या पोरीचं अर्धं तोंड भाजलं. हिंगोलीचा डॉक्टर म्हणाला, डावा डोळा अजून वाचंल, पण लवकर हैदराबादला न्या. माझ्याजवळ काय होतं? दुकानदाराकडं गेलो. माणूस गोड बोलला. कंदील आणून दाखव म्हणाला, जोड कच्चा निघाला तर पोरीचा सगळा खर्च माझ्याकडं.

कंदील कुठून दाखवू? बायकोनं तो पोरीवरून सात डाव ओवाळला होता आन् कुंकू लावून, लिंबू ठेवून गावाबाहेर तिवाट्यावर सोडला होता. उतारा ठेवला की मागं पाहायचं न्हाई, आन् ठेवलेलं कुणी उचलायचं न्हाई. ती पाय धरून नको म्हणाली. मी भर दुपारी गेलो.

आठ दिवस कंदील तिथं उघड्यावर होता. लिंबू वाळून काळं पडलेलं, पण काचेवर धुळीचा कण न्हाई. तिथल्या झाडावर एकही पाखरू बोलत नव्हतं. कडी धरली तर गरम. उन्हानं असंल म्हणलं आन् चालू लागलो.

बाजारात लोकांनी कुंकू पाहिलं आन् आपसूक बाजूला झाले. दुकानदार गादीवरून उठून मागं सरला.

"हे कुठून उचललं तू?"

"जोड बघा, शेठ."

त्यानं पाहिलं न्हाई. कुणीच पाहिलं न्हाई. रुपयांची पुरचुंडी त्यानं दुरूनच फेकली. "घे, आन् हे घेऊन जा. मागं पाहू नको."

परतताना कंदील होता तिथंच ठेवला आन् घरी आलो. बायकोनं पुरचुंडीला बोट लावलं न्हाई.

"कंदील खराब होता, असं म्हणला का तो?"

"न्हाई."

"मंग ही भरपाई कशाची? त्यानं आपल्यावर उतारा टाकला. हे माझ्या लेकराला लावू देणार न्हाई."

पोरीला उचलून मी आगगाडीत बसू शकत होतो. तेवढी ताकद होती अंगात. बसलो न्हाई. पुरचुंडी नदीत सोडली. महिन्याभरात डोळा गेला.

पोरगी मोठी झाली, सासरी नांदली. पण बायको जन्मभर म्हणायची, माझ्या हट्टापायी लेकराचा डोळा गेला. मरतानाही तेच म्हणाली. मी ऐकून घेतलं.

कंदील परत ठेवून तिवाट्यावरून निघालो तवा मी मागं पाहिलं होतं. टाकी उकललेली, आत तेलाचा थेंब न्हाई, आन् भर उन्हात कंदिलाची वात जळून राहिली होती.

भ्यालो होतो मी. तेवढं तिला सांगायला पाहिजे होतं.