पहिलं दळण कोणाचं

टेंभुर्णीत पहिली चक्की आणली ती माझ्या वडिलांनी. निजामाच्या राजवटीतले दिवस. तेलावरचं इंजन जालन्यापर्यंत रेल्वेनं आलं आणि पुढं बैलगाडीनं. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो; गावही तेच म्हणायचं. बांधाची भांडणं, सोयरिकी, देवळाचा कारभार, सगळं आमच्या ओसरीवर मिटायचं. दादांना त्याचा अभिमान होता आणि ते तो लपवतही नसत.

चक्की सुरू झाली तसा पेच आला. प्रत्येक दळणाचं थोडं पीठ दगडांत राहतं आणि पुढच्याच्या पिठात जातं. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं पीठ आपल्यात नको म्हणून गाव अडून बसलं. दादांनी न्याय केला: वस्तीचं दळण दिवसाच्या शेवटी. सगळे खूश.

सकाळी इंजन सुरू झालं, पाट्यांची रांग लागली, पण कोणी पुढं येईना. आदल्या संध्याकाळचं राहिलेलं पीठ पहिल्याच्याच वाट्याला येणार, हे शहाण्या गावाच्या तेव्हा ध्यानात आलं. "तुम्ही व्हा पुढं." "छे, तुमचा मान." एरवी मानासाठी डोकी फोडणारी माणसं! मला आजही हसू येतं, आणि रागही. रोज असंच व्हायला लागलं. बाया पुन्हा घरच्या जात्याकडं वळल्या. चक्की बंद पडणार हे दिसत होतं, आणि तिच्याबरोबर दादांच्या शब्दाची किंमतही जाणार होती.

एक दिवस रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "दादा, तुमच्या घरचं दळण तं कधी दिसलं न्हाई इथं. वैनी लई सोवळ्याच्या हायेत का काय?"

"काय सांगावं मावशे," दादा म्हणाले, "तिचं सोवळं लई कडक हाय."

दुपारपर्यंत हे आईच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या घरचं जातं गप्प होतं. उजाडल्यावर आईनं ज्वारीची पाटी डोक्यावर घेतली आणि मला बरोबर घेऊन निघाली. कधी भर बाजारातून न गेलेली बाई सरळ चक्कीवर गेली आणि पहिलं दळण तिनं टाकलं. मग मागच्या पाट्या एकेक करून पुढं सरकल्या.

दुपारी दादा खुशीत जेवायला बसले. आईनं भाकरी वाढली. त्यांचा हात भाकरीजवळ जाऊन थांबला.

"जात्यावरचं थोडं पीठ असंल ना?" त्यांनी खाली बघत विचारलं.

आई रोज पहाटे कोणाच्या सोवळ्यासाठी दळत होती, ते मला तेव्हा कळलं.

"न्हाई," आई म्हणाली. "संपलं ते. आता हेच."

दादांनी ती भाकरी खाल्ली, घासागणिक पाणी पीत. चक्की चालली. बायकोचं कडक सोवळं मोडून दाखवणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत दादांचं नाव झालं. आई गेल्यावर तिच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा चार माणसांनी मला तेच कौतुकानं ऐकवलं.